मेणवलीच्या घाटावर अर्धेच उजळलेले फोटो: स्वस्त फ्लॅश, सिंक स्पीड आणि पुन्हा करावं लागलेलं प्री-वेडिंग

पार्श्वभूमी

आमच्या सातारा भागातल्या एका पोराची ही गोष्ट. त्याला विचारूनच लिहितोय, नावं मात्र मुद्दाम घेत नाही. दोन-अडीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लग्नाच्या ऑर्डरी केल्या, मग स्वतःच्या छोट्या ऑर्डरी घ्यायला लागला. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत १८-५५, ७०-३०० आणि ५० एमएम १.८ अशा तीन लेन्स. मला दादा म्हणतो, अडलं की फोन करतो.

गेल्या एप्रिलमध्ये त्याला स्वतःची पहिली प्री-वेडिंगची ऑर्डर मिळाली. जागा ठरली वाईजवळचा मेणवलीचा घाट. ज्यांनी तिथं शूट केलंय त्यांना माहितीये, जागा देखणी आहे पण उजेडाच्या बाबतीत अवघड आहे. घाट काळ्या दगडाचा, तो उजेड परत फेकतच नाही, वरून एप्रिलचं ऊन आणि समोर कृष्णेचं चकाकणारं पाणी. माणूस उभा केला की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली आणि नाकाखाली मिशीसारखा डाग. म्हणून त्यानं ठरवलं की फ्लॅश घ्यायचा आणि तो कॅमेऱ्यावर न लावता बाजूला धरायचा, म्हणजे चेहऱ्याला आकार येतो. विचार एकदम बरोबर होता.

ॲडव्हान्समधनं नऊ हजार बाजूला काढले होते. त्यात एक मॅन्युअल फ्लॅश आला, एक साधा रेडिओ ट्रिगरचा जोड आला (कॅमेऱ्याचा इशारा बिनतारी फ्लॅशपर्यंत पोचवणारा), आणि उजेड मऊ करायला एक पांढरी छत्री. स्टँड राहिला, मित्र हातात धरेल म्हणाला. फ्लॅशला टीटीएल (पॉवर आपोआप ठरणं) नाही, एचएसएस (जास्त शटर स्पीडलाही फ्लॅश चालणं) नाही, फक्त पॉवर कमीजास्त करायची बटणं. माझं मत विचाराल तर शिकायला असाच फ्लॅश चांगला, कारण आपण काय करतोय ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

शूटच्या दिवशी काय झालं

वेळ ठरली होती सकाळी सातची. मुलीकडच्यांचा मेकअप, मग वाटेत नाष्टा, असं करत मंडळी पोचली साडेदहाला, आणि शूट सुरू झालं तेव्हा अकरा वाजून गेले होते. हे आपल्याकडं दर दुसऱ्या ऑर्डरला होतं त्यामुळं त्यात नवीन काही नाही, पण इथं त्या चार तासांनी सगळं गणितच बदललं.

पोराला पाठीमागचा घाट धूसर पाहिजे होता म्हणून त्यानं ५० एमएम लावून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २.८ ठेवलं; हा आकडा जितका छोटा तितकं भोक मोठं, उजेड जास्त आणि मागचं धूसर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, १००. आता अकराच्या उन्हात एफ २.८ वर फोटो पांढराफटक येणार, म्हणून शटर स्पीड वाढवत वाढवत १/१००० सेकंदाच्या पुढं नेला. ट्रिगर साधा, एकाच पिनचा, त्यामुळं कॅमेऱ्याला कळतच नाही की वर फ्लॅशचा कारभार आहे. कॅमेऱ्यानं अडवलं नाही, फ्लॅश दर वेळी उडाला, मागच्या स्क्रीनवर फोटो बरे दिसले. तीनेक तासांत साडेतीनशेच्या आसपास फ्रेम झाल्या.

रात्री घरी मोठ्या मॉनिटरवर फोटो उघडले आणि त्यानं मला फोन केला. आवाजच उतरलेला.

आडव्या फोटोंमध्ये दोघांची डोकी आणि कपाळ उजळलेलं, हनुवटीपासून खाली सगळं मळकट. चेहऱ्यावर कुणीतरी अर्धा मुखवटा चढवल्यासारखं. उभ्या फोटोंमध्ये तर आणखी वाईट, मुलगा छान उजळलाय आणि शेजारी उभी असलेली मुलगी सावलीत, मधे सरळ उभी रेघ. त्यानं दोन-चार फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि मुलीच्या आईचा निरोप आला, "आमच्या पोरीचाच चेहरा एवढा काळवंडलेला का दिसतोय?" त्या माउलीचा प्रश्न बरोबर होता.

इथं एक बारकावा सांगतो, कारण नवी पोरं यातच फसतात. अंधाऱ्या खोलीत ही चूक केली की फोटोत काळाकुट्ट पट्टा येतो, आंधळ्यालाही दिसेल. पण उन्हात पट्टा काळा नसतो, कारण तिथं ऊन असतंच, फक्त फ्लॅशचा उजेड नसतो. त्यामुळं तीन इंचाच्या स्क्रीनवर, तेही डोळे दिपलेले असताना, ते लक्षातच येत नाही.

नक्की चुकलं कुठं

त्याला पहिल्यांदा वाटलं फ्लॅश खराब निघाला. दुसऱ्या दिवशी दुकानात परत द्यायला निघाला होता, मी म्हटलं थांब, आधी माझ्याकडं ये.

डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढं दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि सेन्सर उघडा होतो, ठरलेला वेळ झाला की दुसरा त्याच दिशेनं सरकतो आणि झाकतो. पडद्यांचा सरकायचा वेग ठरलेला असतो, शटर स्पीड वाढवला म्हणून ते जोरात पळत नाहीत. जास्त स्पीडला होतं एवढंच, की पहिला पडदा पलीकडं पोचायच्या आतच दुसरा निघतो. म्हणजे पूर्ण सेन्सर एका वेळी कधीच उघडा नसतो, एक फट सरकत जाते. ऊन सतत असतं म्हणून फट सरकत गेली तरी सगळीकडं सारखं पोचतं. फ्लॅशचं तसं नाही. छोटा फ्लॅश फुल पॉवरला साधारण १/१००० सेकंदात आटपतो, कमी पॉवरला तर १/२०००० पर्यंत जातो. तो उडतो तेव्हा जेवढी फट उघडी असेल तेवढ्याच भागाला त्याचा उजेड मिळतो.

पूर्ण सेन्सर एकदम उघडा राहतो असा शेवटचा स्पीड म्हणजे सिंक स्पीड. डी५६०० चा आहे १/२००. पोरानं वापरला १/१००० च्या पुढचा, म्हणजे फ्रेमचा जेमतेम पाव भागच फ्लॅशच्या वाट्याला आला.

याच्या पुढची गोष्ट समजायला त्याला थोडा वेळ लागला. शटर स्पीडनं फ्लॅशचा उजेड कमीजास्त होत नाही. सिंकच्या आत असाल तर १/६० ठेवा नाहीतर १/२०० ठेवा, फ्लॅश तेवढाच पडतो, बदलतं ते ऊन. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोघांनाही धरून बदलतात. म्हणजे ऊन दाबायला आपल्याकडं शटर हे एकच वेगळं हत्यार आहे आणि नेमकं त्यालाच १/२०० ची मर्यादा. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला एफ ११ च्या आसपास बसतं. एफ २.८ हवं असेल तर चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्तीचा उजेड कुठंतरी घालवावा लागतो, सगळी भानगड त्या चार स्टॉपांची.

काय काय पर्याय होते

नवरा-नवरीच्या घरच्यांशी बोलून त्यानं पुढच्या आठवड्यात परत शूट करून द्यायचं कबूल केलं, पैसे न घेता. आता हातात होते सहा दिवस आणि खर्चायला साधारण तीन-साडेतीन हजार.

पहिला विचार त्याचाच, हा फ्लॅश विकून एचएसएसवाला घ्यायचा. वर दोन हजार घालून जमत होतं. एचएसएसमध्ये फ्लॅश एकदाच न उडता फट सरकत असताना सारखा लुकलुकत राहतो, म्हणजे तेवढ्यापुरता सतत जळणारा दिवा होतो आणि पट्टा येत नाही. मी त्याला विचारलं, तुझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, एचएसएस करते का? तो म्हणाला फ्लॅशवर लिहिलंय की १/८००० पर्यंत.

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. निकॉनमध्ये एचएसएसला ऑटो एफपी म्हणतात आणि ते डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींमध्ये दिलेलंच नाही. डी७२००, डी७५०० मध्ये आहे, तिथं मेनूत फ्लॅश सिंक स्पीड म्हणून वेगळी ओळ दिसते. डी५६०० च्या मेनूत ती ओळ नाही. म्हणजे कितीही भारी फ्लॅश आणला असता तरी या कॅमेऱ्यावर तो १/२०० लाच अडकला असता. फ्लॅशच्या खोक्यावरचा आकडा फ्लॅशची क्षमता सांगतो, आपल्या कॅमेऱ्याची नाही. पोरगा दहा मिनिटं गप्प बसला होता, कारण तो व्यवहार संध्याकाळी होणारच होता.

आणि एचएसएस असलं तरी ते फुकट मिळत नाही. त्या मोडमध्ये गेल्या गेल्या फ्लॅशची ताकद साधारण दोन स्टॉपांनी पडते आणि पुढं शटर जसं वाढवाल तसा फ्लॅशही उन्हाबरोबर कमी होत जातो. छोट्या फ्लॅशवर छत्री लावून भर उन्हात एचएसएस म्हणजे फ्लॅश जवळजवळ नाकाला टेकवावा लागतो.

दुसरा पर्याय बॉडी बदलायची. जुनी डी७२०० बघितली, पण ते बजेट वेगळंच, तीन हजारात त्याचा विषयच नाही.

तिसरा, फ्लॅश सोडून थर्माकोल किंवा चंदेरी रिफ्लेक्टर. सिंकची कटकटच नाही, स्वस्त, आणि खरं सांगायचं तर कित्येक वेळा हेच पुरतं. पण दुपारी चंदेरी रिफ्लेक्टर तोंडावर मारला की माणूस डोळे बारीक करतो आणि घाटावर नदीचा वारा, मोठा थर्माकोल धरणाऱ्याला पतंगासारखा ओढतो.

चौथा, १/२०० आणि एफ ११ मान्य करायचं, पण मग ५० एमएम वर मागची प्रत्येक पायरी, तिथं धुणी धुणारी माणसं, सगळं कोरून काढल्यासारखं दिसणार. यावर एक उपाय त्याच्या बॅगेतच होता, ७०-३०० लेन्स. २०० एमएम वर एफ ८ ला सुद्धा मागचं बऱ्यापैकी विरघळतं, माणसं आणि भिंत यात अंतर ठेवलं तर. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं कारण बोके (bokeh, मागचा धूसरपणा) म्हणजे ५० एमएम १.८ हे पक्कं बसलेलं.

पाचवा, एनडी फिल्टर. लेन्सपुढं गडद काच लावली की उजेड कमी येतो आणि १/२०० वरच ॲपर्चर उघडता येतं. एनडी ८ म्हणजे तीन स्टॉप, एनडी १६ म्हणजे चार. त्यानं लगेच विचारलं, दादा, काच तर फ्लॅशचाही उजेड खाणार ना? खाणारच. पण काच लावून आपण ॲपर्चर तेवढंच उघडतो, हिशेब जिथल्या तिथं. फ्लॅशला काम तेवढंच करावं लागतं जेवढं काच नसताना एफ ११ ला करावं लागलं असतं. म्हणजे एनडीमुळं फ्लॅश उन्हापुढं कमजोरही होत नाही आणि जोरदारही होत नाही, मिळतो तो फक्त मागचा धूसरपणा. फ्लॅशमध्ये एफ ११ ची ताकद नसेल तर एनडी लावून ती येणार नाही.

सहावा पर्याय, वेळ बदलायची. पैसा लागत नाही, पण चार माणसांना वेळेवर आणणं लागतं.

निर्णय आणि तयारी

ठरलं असं, की फ्लॅश तोच ठेवायचा, वेळ संध्याकाळची घ्यायची आणि एक साधा एनडी ८ घ्यायचा. एनडी १६ गावात मिळाला नाही आणि फिरवायचा व्हेरिएबल एनडी मीच नको म्हटलं, स्वस्तातल्या फिरत्या काचेवर टोकाला फिरवलं की फोटोत काळपट फुली उमटते. ५० एमएम १.८ जी ला ५८ चा फिल्टर लागतो, तेवढं बघून घेतलं. उरलेल्या पैशात लाइट स्टँड आणि चांगले रिचार्जेबल डबल ए सेल, आठ. सेलवर मी अडून बसलो होतो, कारण साधे सेल दहा-वीस फुल फ्लॅशनंतर दम टाकतात आणि मग दोन फ्लॅशमध्ये पाच-सहा सेकंद ताटकळत बसावं लागतं, तोवर समोरच्यांचं हसू सुकून जातं.

मग आम्ही एक टेस्ट केली जी खरं तर फ्लॅश घरी आला त्याच रात्री व्हायला पाहिजे होती. खोलीत अंधार केला, कॅमेरा स्टुलावर ठेवला, समोर चुन्याची पांढरी भिंत, फ्लॅश भिंतीकडं. आणि एकेक स्पीड घेत गेलो, १/१२५, १/१६०, १/२००, १/२५०, १/३२०, १/५००, १/१०००. १/५०० ला अर्ध्याहून जास्त भिंत काळी, १/१००० ला वरची एक पट्टीच उजळलेली. हे अपेक्षितच होतं. पण १/२०० ला सुद्धा अगदी खालच्या काठाला बोटभर काळपटपणा दिसला! पुस्तकात १/२०० लिहिलंय आणि तरी पट्टा, कारण साधा रेडिओ ट्रिगर सिग्नल पोचवायला किंचित वेळ घेतो, तेवढ्यात दुसरा पडदा निघालेला असतो. १/१६० ला भिंत स्वच्छ. म्हणून या जोडीचा खरा सिंक स्पीड १/१६०. तेवढा आकडा पोरानं मार्करनं चिकटपट्टीवर लिहून ट्रिगरच्या पाठीला चिकटवला.

फ्लॅशच्या ताकदीचा अंदाजही तिथंच घेतला. खोक्यावर गाइड नंबर ६० च्या आसपास लिहिलेला असतो पण तो फ्लॅशच्या डोक्याच्या २०० एमएम झूमचा, सगळा उजेड एका जागी गोळा केलेला. ५० एमएम झूमवर आम्ही चाळीस धरला. गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे ॲपर्चर. तीन मीटरवर नुसता फ्लॅश, फुल पॉवर, एफ १३ च्या आसपास. छत्रीतनं मारला की दोन स्टॉप जातात, म्हणजे गाइड नंबर राहिला वीस, दीड मीटरवर परत एफ १३ च. आकडे ढोबळ, पण त्यावरनं काय जमेल आणि काय नाही ते घरबसल्या कळतं.

दुसरं शूट

या वेळी मंडळी चारला हजर होती, मुलीच्या आईनं स्वतः सगळ्यांना हाकलून आणलं. पाच वाजता ऊन तिरकं झालं तेव्हा आयएसओ १००, १/१६० ला मागच्या घाटाचं एक्सपोजर एफ ९ वर बसत होतं. एनडी ८ लावल्यावर एफ ३.२. दोघांना उन्हाकडं पाठ करून उभं केलं, केसांना मागून सोनेरी कड आली आणि चेहरे सावलीत गेले, मग डाव्या बाजूनं छत्री दीड मीटरवर, फ्लॅश हाफ पॉवरला. हिशेबानं बरोबर एफ ९ चं काम, काचेमुळं एफ ३.२. पहिलाच फोटो स्क्रीनवर मोठा करून वरपासून खालपर्यंत, साडीच्या काठापर्यंत, सरकवत बघितला. पट्टा नाही.

पूर्ण उभ्या फोटोला छत्री दीड मीटरवर चालत नाही, फ्रेममध्येच येते. तिथं छत्री काढली, नुसता फ्लॅश तीन मीटरवर नेला, पॉवर हाफच. उजेड कडक पडतो खरा, पण आजूबाजूला ऊनही कडकच असतं, डोळ्याला खटकत नाही.

मुलीला घाटावरच्या त्या मोठ्या घंटेपाशी फोटो हवा होता, वसईहून आणलेली जी सांगतात ती. माणसं आडोशाला, मागं उघडा उजेड, असा तो प्रसंग. फ्लॅश नसता तर एकतर मागचं पांढरं पडलं असतं नाहीतर माणसं काळी. अल्बमचं पहिलं पान त्याच फोटोचं झालं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. वाऱ्यानं छत्री दोनदा कलंडली, शेवटी स्टँडला पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधला आणि मुलीचा धाकटा भाऊ स्टँड धरून बसला. स्वस्त एनडीनं फोटोंना किंचित हिरवट झाक दिली, ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा) एक फोटो घेतला होता म्हणून घरी सगळे एकदम दुरुस्त झाले. साडेसहानंतर उजेड कमी झाला तशी काचेतनं फोकस शोधायला लेन्स पुढं-मागं करायला लागली, तेव्हा काच काढून टाकली, तोवर गरजही उरली नव्हती.

दोन तासांत शंभरेक फ्रेम, पहिल्या वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि अल्बमला लागले तेवढे सगळे त्यातनंच निघाले. घरच्यांनी उरलेले पैसे पूर्ण दिले, लग्नाची ऑर्डरही त्यालाच दिली. दुसऱ्यांदा जायचं पेट्रोल आणि एक दिवस मात्र त्याच्या पदरचा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी ट्रिगर न लावता कॅमेऱ्यावरचा पॉप-अप फ्लॅश नुसता उघडून बघितला असता तरी कळलं असतं, तो उघडला की डी५६०० शटर १/२०० च्या वर जाऊच देत नाही. फ्लॅश ओळखू आला की कॅमेरा अडवतो, एका पिनच्या ट्रिगरला ओळखत नाही म्हणून अडवत नाही.

त्या अकराच्या उन्हातही काम निभावलं असतं. ७०-३०० लावून १/१६० ला एफ ११, नुसता फ्लॅश तीन मीटरवर फुल पॉवर, माणसं घाटापासून दूर. किंवा सरळ झाडाच्या सावलीत नेऊन रिफ्लेक्टर. मी त्याला ऑर्डरच्या आधी फोनवर फक्त "चांगला आहे फ्लॅश, घे" म्हटलं होतं, कॅमेरा कुठला आणि वेळ कुठली हे विचारलं नव्हतं. तिथं मी कमी पडलो.

खरेदीच्या क्रमाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. आधी बॉडीच्या मॅन्युअलमधलं फ्लॅशचं पान. तिथं सिंक स्पीड किती आणि एचएसएस आहे का, एवढं बघायचं. कॅननवाल्यांनी आणखी एक बघायचं, १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट शूला (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाही, तिथं एका पिनचा साधा ट्रिगर उडणारच नाही, त्या बॉडीचं नाव घेऊन चालतो असं सांगितलेला ट्रिगरच घ्यावा लागतो. ज्यांची बॉडी एचएसएस करते त्यांना फार महाग जायची गरज नाही, गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅशसुद्धा त्याच कंपनीच्या आपल्या कॅमेऱ्याला जुळणाऱ्या ट्रिगरवर, कॅमेऱ्यापासून बाजूला ठेवून, एचएसएस करतो.

पोरगा आता जुनी निकॉन डी७० शोधतोय. तिचा सिंक १/५०० आहे, कारण तिच्या जुन्या प्रकारच्या सीसीडी सेन्सरला वेगवान शटरसाठी पडद्यावर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त ६ मेगापिक्सेल, मी म्हटलं अल्बमच्या मोठ्या पानाला पुरायची नाही. तो म्हणतो दादा, छोट्या फोटोंना चालेल, दुपारच्या उन्हात एकदा लावून तर बघू. मिळाली की भिंतीवरची टेस्ट पहिली करायची, असं ठरलंय.